करकोच्यांचं प्रस्थान

मी जर्मनीला निघाले त्याच्या तीन दिवस आधी माझं बोचकं निघालं.

बोट मुंबईहून अमावास्येला सुटणार होती आणि आईला ते चालण्यासारखं नव्हतं. बाबा म्हणाले, "बोटवाल्यांना तुझं पंचांग आधीच पाठवायला हवं होतं." आईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बुधवारी सकाळी वेळ बघून माझं प्रस्थान ठेवलं. इकडे जर्मनीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. निघण्याचा दिवस चांगला नसला, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी निघणाऱ्याच्या वापरातली एखादी वस्तू, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं रुमालात बांधून शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं. माणूस त्याच दिवशी निघाला असं मग धरतात. प्रत्यक्ष जाताना ते शेजारून उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. परत घरात आणायचं नाही.

माझ्या रुमालात आईनं माझा रंगाचा झिजलेला ब्रश घातला. समोरच्या दामलेकाकूंनी बोचकं दोन्ही हातांनी घेतलं, फळीवरचा डबा सरकवून जागा केली आणि म्हणाल्या, "झालं, गेलीस हो तू. आता तीन दिवस घरात दिसलीस तर पाहुणी म्हणून चहा मिळेल." सगळे हसले. मी ओशाळून उभी होते. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीला अशा वेळी हात कुठं ठेवावेत ते कळत नाही.

निघण्याच्या सकाळी गल्ली नळाच्या कामासाठी खणून ठेवलेली होती, म्हणून टॅक्सी मागच्या बाजूला उभी राहिली. आईनं हातावर दही घातलं. बाबा घड्याळाकडे बघत होते. "तिकडे वेळेला किंमत आहे," ते म्हणाले. "जर्मन माणूस शब्दाचा पक्का असतो. शिकून घे." काकूंचं दार पुढच्या बाजूला होतं, आणि मला बोचक्याची आठवण झाली तेव्हा गाडी खंडाळ्याच्या घाटात होती.

आईचं पहिलं पत्र मला म्युनिकमध्ये मिळालं. त्यात शेवटी लिहिलं होतं, "बोचकं काकूंकडेच आहे. त्या म्हणतात, असू दे, आली की घेईल."

आमच्या घरी जर्मनीबद्दल बोलणं निघालं की त्यात यंत्रं असत, संस्कृत वाचणारे प्राध्यापक असत, आणि इंग्रजांना घाम फोडणारं सैन्य असे. एवढ्यावर ते संपे. माझ्या वर्गात रिबेका नावाची मुलगी होती. कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाणारी, घरी माझ्याहून चांगलं मराठी बोलणारी. ज्यू म्हणजे रिबेका, शनिवारी खेळायला न येणारी, एवढंच मला माहीत होतं. तिच्यासारख्या माणसांचं या देशात काय झालं हे मी जाण्याआधी कुठं तरी वाचलं असणारच. पण वाचलेलं आणि बाबांचं बोलणं माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होतं.

एक वर्ष चित्रकलेचा अभ्यास केला आणि मग मला एका लहानशा कार्टून स्टुडिओत काम मिळालं. शहराच्या उत्तरेला, गार्चिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बटणांच्या बंद पडलेल्या कारखान्यात तो होता. मी गार्चिंगमध्ये एका शेतकऱ्याच्या घरात खोली घेतली होती. खिडकीतून बीटची शेतं दिसत आणि त्यांच्यामागं अणुभट्टीचा पांढरा घुमट. बसनं यायचं, पांढरे सुती हातमोजे घालायचे आणि दिवसभर रंग भरायचे. चित्र पारदर्शक तावावर असतं. रेषा पुढच्या बाजूला, रंग मागून. दोन-तीन ताव एकावर एक ठेवून फोटो काढतात, आणि खालच्या तावावरचा रंग जरा मळकट दिसतो. म्हणून तोच लाल रंग खालच्या तावासाठी वेगळा कालवावा लागतो. हे काम फ्राऊ लिंडनर करत. पन्नाशीच्या, सरळ पाठीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. आमचं दोघींचं जमलं ते बहुधा त्यामुळेच. आठ तासांत आम्ही एकमेकींना "बरणी" आणि "धन्यवाद" याखेरीज क्वचितच काही म्हणत असू.

स्टुडिओचं पोट कॉफीच्या आणि साबणाच्या जाहिरातींवर भरे. पण मालक हेर ब्रांडल यांच्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट होती आणि अखेर तिला पैसे घालणारे लोक भेटले. गोष्ट प्राण्यांची. एका गावात सगळे मिळूनमिसळून राहतात. कोंबड्या, ससे, साळू, आणि धुराड्यांवर घरटी करून राहणारे करकोचे. एक दिवस गावाला नवा प्रमुख मिळतो. तो म्हणतो, करकोचे हिवाळ्यात दुसरीकडे जातात, म्हणजे ते आपले नाहीत. मग त्यांना बाजारात बंदी. मग त्यांचे पंख कापतात. आणि एका सकाळी त्यांना चालवत स्टेशनवर नेतात. सबंध चित्रपटात 'ज्यू' हा शब्द नव्हता. स्टुडिओतही तो मी कधी ऐकला नाही. आम्ही "करकोच्यांचा सीन" म्हणत असू आणि त्या बोलण्यात सगळ्यांना बरं वाटत असे.

जाण्याच्या प्रसंगापाशी काम अडलं. करकोचीण घरट्यातून खाली उतरते. मग काय करते? एक जण म्हणाला, रडते. दुसरा म्हणाला, मागं वळून बघते.

"मागं वळून बघणारे मी पन्नास चित्रांत पाहिलेत," हेर ब्रांडल म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "फ्रॉइलाइन, घर सोडून आलात त्याला तुम्हाला फार दिवस झाले नाहीत. तुमच्या आईनं काय केलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझं जर्मन अशा वेळी हमखास दगा देई. पण मी सांगितलं. तांदूळ, सुपारी, ब्रश, दामलेकाकूंची फळी. मी ते न्यायला विसरले हेही सांगितलं.

"म्हणजे तुमचं बोचकं अजून शेजारणीकडेच आहे?"

"हो. मी परत गेले की मिळेल."

तेवढ्यात कोपऱ्यातून फ्राऊ लिंडनर यांनी विचारलं, "आणि ती ते उघडत नाही?"

मला हसू आलं. "नाही. ती कशाला उघडेल?"

त्यांनी हातातल्या बरणीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

हेर ब्रांडल टेबलावर थाप मारून म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. करकोचीण बोचकं कोंबडीला देते. आल्झो, चला, झालं आपलं." आणि आईनं माझ्यासाठी बांधलेली गाठ अशी त्या चित्रात गेली. मला मनातून फार अभिमान वाटला. आईला मी लगेच लिहिलं.

बोचक्याचं कापड निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं ठरलं. तो निळा फ्राऊ लिंडनरना मिळेना. कागदावर ते कापड बोटाच्या पेराएवढं, पण त्या रोज नवी बरणी कालवत, पट्टीवर लावून उजेडात धरत आणि म्हणत, "हा नव्हे." अखेर एक करडी झाक असलेला, धुऊन धुऊन विटलेला निळा तयार झाला. तो त्यांनी माझ्याकडे दिला आणि पुढचे तीन आठवडे मी तो भरत होते.

दरम्यान पैसे घालणाऱ्यांनी शेवट बदलायला सांगितला. हेर ब्रांडल यांनी लिहिलेल्या शेवटात वसंत येतो आणि धुराडी रिकामी असतात. पैसे घालणाऱ्यांना तो फार उदास वाटला. नवा शेवट असा की वसंत येतो, करकोच्याचं पिल्लू मोठं होऊन परत येतं, कोंबडी फळीवरचं बोचकं काढून दोन्ही पंखांनी त्याला देते, आणि सगळं गाव जमतं. "लोक मुलांना घेऊन येणार," हेर ब्रांडल आमच्याकडे न बघता म्हणाले. "त्यांना रडवून घरी कसं पाठवायचं?" शिवाय बोचकं होतंच तयार. ते परत द्यायलाच तर ठेवलेलं असतं.

त्या आठवड्यात फ्राऊ लिंडनरनी मला रविवारी कॉफीला बोलावलं. वर्षभरात पहिल्यांदा.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, जेरेनियमच्या कुंड्या, युद्धात गेलेल्या नवऱ्याचा फोटो. केक कापलेला होता. मी खुर्ची ओढून बसले आणि टेबलावर हात ठेवला, आणि हात तिथंच राहिला. टेबलक्लॉथ निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा होता. तो निळा मी झोपेतही ओळखला असता.

"वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्लुमचा आहे," त्या कॉफी ओतत म्हणाल्या. "सकाळची वेळ होती. लोक म्हणतात रात्री नेत असत. आमच्या इथून सकाळी नेलं, दूधवाला येऊन गेल्यावर. आदल्या दिवशी त्या खाली आल्या होत्या. हे कापड, त्यात बांधलेल्या उशांचे अभ्रे, मुलीचा हिवाळी कोट, सहा चमचे. 'आम्ही आलो की द्या,' म्हणाल्या. मी म्हटलं, अर्थात."

त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला. त्यांना माझं बोलणं नकोच असावं.

"पहिलं वर्षभर मी हात लावला नाही. मग फार थंडी पडली आणि माझ्या मुलीला कोट नव्हता. कोटासाठी गाठ सोडली. एकदा सुटल्यावर बाकीचं काय, तिथंच पडलेलं होतं." त्यांनी कपाच्या कडेवर टेकवलेला चमचा खाली ठेवला. "युद्ध संपलं तेव्हा जिन्यात पाऊल वाजलं की मला धास्ती वाटे. ते येणार नाहीत म्हणून नव्हे, फ्रॉइलाइन. ते येतील म्हणून."

"कुणी आलं?"

"कुणी नाही. चौघांतलं कुणी नाही."

केक तसाच राहिला. त्या मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाल्या, "तो शेवट मला रंगवता येणार नाही. थिएटरात लोक डोळे पुसतील, आणि घरी जाऊन अशाच टेबलावर जेवतील. कोंबडीनं दोन्ही पंखांनी परत दिलं म्हणे. मी ब्रांडलना सांगायला हवं. पण का, ते विचारतील. मला ते त्या खोलीत उभं राहून सांगता येणार नाही. बोचकं तुम्ही दिलंत त्यांना. पुढचंही तुम्हीच सांगा."

पुढच्या रविवारी एर्लांगेनहून वसंतदादा आला. हा माझा मावसभाऊ, तिथल्या विजेच्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर. महिन्यातून एकदा येऊन माझी चौकशी करणं हे आईनं त्याच्यावर सोपवलेलं काम होतं. मी नावं न घेता त्याला विचारलं.

"तू ससे रंगव गं बाई," तो म्हणाला. "आपण इथं पाहुणे. पाहुण्यानं जेवायचं, स्वयंपाकघरात डोकवायचं नाही."

"मी काही डोकवायला गेले नव्हते."

"जा, सांग हवं तर. पण इथं राहण्याच्या परवान्याला तुझ्या मालकाचंच पत्र लागतं ना दर वर्षी? मग. मावशीला काय सांगू मी, पोरगी कोंबडीसाठी भांडली म्हणून परत आली?"

त्याचं चुकत नव्हतं. मला पुढच्याच महिन्यात ते पत्र हवं होतं. आणि भांडणं सोडा, मला दुकानात उरलेली चिल्लर मागायलाही धीर होत नसे. दोन रात्री मी जर्मन वाक्यं मनात जुळवली. त्यातलं एकही प्रत्यक्षात उपयोगी पडलं नाही.

मंगळवारी हेर ब्रांडल एकटे असताना मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे ते बोचकं न्यायला माणूस येतो. म्हणून ते कुणी उघडत नाही. इथं कुणी आलं नाही. आणि बोचकी उघडली गेली."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग म्हणाले, "माझ्या आईकडे भिंतीवर एक घड्याळ आहे. उत्तम चालतं. दर रविवारी ती त्याला किल्ली देते. लहानपणी ते आमच्याकडे नव्हतं." इतकं बोलून ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता काढून टाकतील. ते म्हणाले, "दार लावून घ्या, फ्रॉइलाइन. जाताना, बाहेरून."

चार दिवसांनी नवी रेखाचित्रं आमच्या टेबलांवर आली. हा तिसरा शेवट, पैसे घालणाऱ्यांना न विचारता केलेला. वसंत आहे. ऊन आहे. कोंबडीच्या घरी जेवणाचं टेबल मांडलेलं आहे, त्यावर चौकड्यांचं कापड. पिल्लं जेवताहेत. एक पिल्लू दूध सांडतं, आई ते पुसते, कापडाची सुरकुती सरळ करते. मागं खिडकीतून रिकामं धुराडं दिसतं. कुणीच त्याच्याकडे बघत नाही. एवढंच. फ्राऊ लिंडनरनी त्या सीनचे सगळे रंग स्वतः कालवले. ऊन इतकं प्रसन्न पिवळं केलं की मला ते भरताना फार वेळ बघवत नसे.

पैसे घालणारे तिघं जण बघायला आले. आम्हाला मागं उभं राहायची परवानगी होती. आधी पिल्लाचा, मग टेबलाचा, असे दोन्ही शेवट दाखवले. दुसरा संपल्यावर दिवे लावले. मग एकानं कोट चढवत म्हटलं, "काम सुरेख झालंय, ब्रांडल. पण इतक्या वर्षांनी लोकांच्या टेबलावर कशाला जायचं?" पिल्लू परत येतं तोच शेवट राहिला. चित्र सकाळच्या खेळांना लागलं. आया डोळे पुसत बाहेर पडताना मी पाहिल्या आहेत.

ताव महाग असत. म्हणून लहान स्टुडिओत फोटो निघाल्यावर चित्रं धुऊन टाकतात आणि ताव पुन्हा वापरतात. ते काम माझ्याकडे होतं. आधी मी करकोचे धुतले होते, स्टेशनवर चालत जाणारे, एकेक. कोमट पाण्यात रंग मऊ होतो, सुटतो, आणि मोरीच्या जाळीवर थोडा वेळ पांढरी साय धरल्यासारखा राहतो. आता तो तिसरा शेवट धुवायचा होता. मी धूत होते आणि फ्राऊ लिंडनर शेजारी उभ्या राहून ताव पुसत होत्या. पाणी निळं झालं. आम्ही दोघींनी नळ सोडून ठेवला. त्या तावांवर पुढं साबणाची जाहिरात झाली.

माझं परवान्याचं पत्र हेर ब्रांडल यांनी वेळेवर दिलं. वसंतदादा म्हणाला, "बघ, शब्दाचा पक्का माणूस." मी बरं म्हटलं.

त्यानंतर मी फ्राऊ लिंडनरकडे गेले तेव्हा टेबल उघडं होतं, नुसतं लाकूड. चौकड्यांचं कापड धुऊन, इस्त्री करून, त्यात राहिलेले अभ्रे आणि पाच चमचे ठेवून त्यांनी ते दारापाशी खुर्चीवर ठेवलं होतं. सहावा चमचा त्यांना सापडला नव्हता. कोट मुलीच्या अंगावरच फाटला. बांधायचं मात्र राहिलं होतं.

"तुमच्याकडे गाठ कशी मारतात, दाखवाल?" त्यांनी विचारलं.

मला त्यांची दया आली, आणि तरीही हात पुढं होईना. मी म्हटलं, "ती गाठ निघणाऱ्याच्या घरची माणसं मारतात."

"हं," त्या म्हणाल्या. "बरोबर." आणि त्यांनी ते तसंच, न बांधलेलं, राहू दिलं. अजून ते त्या खुर्चीवर आहे. पाहुणा आला तर स्टूल देतात.

मला इथं येऊन आता सहा वर्षं होतील. स्टुडिओ तोच आहे. जर्मन सुधारलं आहे, आईला पत्र लिहितानाही मध्येच "आल्झो" मनात येतं. परत केव्हा येणार असं तुम्ही सगळे विचारता आणि इथं माझ्यासारखे आलेले लोकही एकमेकांना विचारतात. मी उत्तर टाळते हे तुमच्या लक्षात आलं असेल. बाबांना त्यांच्या जर्मन माणसाबद्दल मी काही लिहिलेलं नाही. लिहायला हवं, आणि बहुधा हेच वाचून ते समजतील.

गेल्या महिन्यात आईचं पत्र आलं. दामलेकाकूंनी ती जागा सोडली. त्या मुलाकडे गेल्या, दोन खोल्यांच्या नव्या ब्लॉकमध्ये. सामान बांधताना आई म्हणाली, "ते बोचकं आता द्या इकडे. तुम्हाला तिथं अडचण." काकू म्हणाल्या, "वा, म्हणजे पोरगी अर्ध्या वाटेतून माघारी आली म्हणायची का?" आणि टांग्यात मांडीवर घेऊन गेल्या. नव्या जागेत फळी नाही, म्हणून ते देवांच्या पाटाखाली ठेवलं आहे. तांदळात किडे झाले असतील, आई लिहिते, पण त्या सोडू देत नाहीत.

घर म्हटलं की हल्ली माझ्या डोळ्यांसमोर आमचं घर येत नाही. एक पाट येतो, जो मी पाहिलेला नाही, आणि त्याखालची गाठ. मी परत जाईन की नाही, मला माहीत नाही. पण माझं तिथं काही ठेवलेलं आहे आणि ते माझंच आहे, यावर माझ्याखेरीज आणखी एका माणसाचा विश्वास आहे. इतकं असलं की माणसाला कुठंही राहता येतं, असं मला इथं येऊन कळलं. आणि ज्यांच्यापाशी ते राहिलं नाही त्यांचं काय झालं, तेही इथंच.

पत्र वाचलं त्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत मी फ्राऊ लिंडनरना हे सांगितलं. त्या निळा रंग ढवळत होत्या, कुठल्या तरी टूथपेस्टच्या आकाशाचा.

"उघडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सहा वर्षांत? एकदाही?"

"एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ढवळायला लागल्या. रंग केव्हाच एकजीव झाला होता.